उलटून चिकटवलेली पाकिटं

माणसानं पुस्तक जरूर लिहावं, पण पुस्तक महोत्सवाच्या स्टेजवर चढू नये, असं बाईंचं ठाम मत होतं. आणि तरी त्या चढल्या. मतं काय हो, सगळ्यांचीच ठाम असतात, बोलावणं येईपर्यंत.

बाई म्हणजे राजकीय बातमीदार. चौतीस वर्षं एकाच वर्तमानपत्रात. राजकीय बातम्यांच्या टेबलावर कैक वर्षं तेवढी एकच बाई होती, म्हणून संपादकापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते वर्तमानपत्र बंद पडलं, टेबलं-खुर्च्या लिलावात गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मग घरी बसून बाईंनी पुस्तक लिहिलं. पुलाचं.

तो पूल अकरा वर्षांपूर्वी पडला. पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेला, नवाकोरा, फीत कापून चाळीस दिवस झालेले. सत्तावीस माणसं गेली. सरकारनं चौकशी नेमली आणि अहवाल जाहीर केला की शाळा सुटल्यावर पोरं पुलावर उड्या मारत होती, त्या हादऱ्यानं पूल कोसळला. झालं! मेलेल्यांच्याच डोक्यावर खापर. पण तो खरा अहवाल नव्हताच मुळी. खरा अहवाल दोन आठवडे आधी आला होता आणि त्यात लिहिलं होतं की नकाशात दाखवलेलं निम्मं लोखंड पुलात घातलेलंच नाही. तो अहवाल गायब झाला, त्याच क्रमांकावर दुसरा चढला. आणि दोन्ही अहवाल बाईंच्या हाती लागले.

कसे लागले, हे जगात दोन माणसांना माहीत होतं. एक बाई, आणि दुसरा त्या खात्यातला आवक-जावक कारकून. खात्यात येणारा आणि खात्यातून जाणारा प्रत्येक कागद ज्याच्या टेबलावरून जातो, ज्याच्या वहीत नोंदला जातो, तो हा माणूस. खरा अहवाल त्यानं स्वतःच्या हातानं नोंदवला होता. दोन आठवड्यांनी साहेबांनी बोलावून सांगितलं, ते पान फाड आणि नवं लिही. त्यानं निमूट लिहिलं. पण त्याआधी जुन्याच्या प्रती काढून ठेवल्या. बाईंच्या डायरीत त्याचं नाव होतं 'आवकराव'. खरं नाव त्यांनी कागदावर कधी आणलंच नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. नवरा बिचारा न विचारताच गेला.

तेव्हाच्या बातमीत आणि आता पुस्तकातही बाईंनी लिहिलं, 'एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हे कागद दिले.' झाली ना दिशाभूल! अकरा वर्षं खात्यात साहेबलोक एकमेकांकडे संशयानं बघत होते, तिघांच्या तर बदल्या झाल्या. आवकरावाकडे कुणाची नजर गेली नाही. कारकुनाकडे कोण बघतो? भिंतीवरच्या घड्याळाकडे तरी माणूस दिवसातून चार वेळा बघतो. आवकरावाच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. नाव फुटलं तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार आणि गोपनीय कागद बाहेर दिले म्हणून तुरुंग, तो वेगळाच. बाईंना हे झोपेतही पाठ होतं. त्याची एक सवय बाईंनी पुस्तकात लिहिली होती, झकास लिहिली होती, आणि शेवटच्या प्रुफात स्वतःच्या हातानं खोडली होती. चांगला परिच्छेद खोडताना लिहिणाऱ्याचा जीव किती तुटतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

तर महोत्सव. रविवार, दुपारचे अडीच. जेवण करून माणसं पेंगतात ती वेळ, आणि ती बाईंच्या वाट्याला. शेजारच्या मोठ्या मंडपात एका टीव्हीवरच्या नटाचं आत्मचरित्र चाललं होतं, तिथून दर दोन मिनिटांनी हशाची लाट यायची. बाईंच्या छोट्या सभागृहात दोनशे खुर्च्या आणि माणसं त्रेचाळीस. बाईंनी मोजली, जन्मभर सभांची गर्दी मोजलेली बाई ती, सवय जाते थोडीच. त्यातली दहाबारा तर पाय दुखले म्हणून पंख्याखाली येऊन टेकलेली.

मुलाखत घ्यायला एक कवी बसवला होता. गृहस्थ सज्जन, पण पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. मागच्या पानावरचा मजकूर तेवढा पाठ करून आला होता.

"बाई, ही लेखनाची प्रेरणा तुम्हाला लहानपणी कुठून मिळाली?" त्यानं विचारलं.

"लहानपणी पूल पडला नव्हता," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. कवी पाणी प्यायला. वीस मिनिटं असंच रखडलं. सत्तावीस माणसांची गोष्ट बाई सांगत होत्या, आणि तिसऱ्या रांगेतला एक इसम पिशवीतल्या पुस्तकांच्या पावत्या तपासत होता. बाईंना राग आला. राग त्या माणसाचा नव्हता, स्वतःचा होता. काय म्हणून आलो आपण इथं? कुणाला हवंय हे?

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिलाच हात वर झाला तो प्रवक्त्याचा. हा त्या पुलाच्या खात्याच्या मंत्र्याचा जुना प्रवक्ता. अकरा वर्षांपूर्वी पत्रकार परिषदेत 'हे कागद बनावट आहेत' असं छातीठोकपणे सांगणारा तो हाच. आता निवृत्त होऊन त्यानंही आठवणी लिहिल्या होत्या, त्यांचा सोहळा मोठ्या मंडपात दणक्यात झाला होता, आणि गळ्यातला हार काढायला विसरून स्वारी इथं आली होती.

"बाई, तुमचं पुस्तक मी एका बैठकीत वाचलं," तो माईकवर गोड आवाजात म्हणाला. "कादंबरी म्हणून फार सुंदर उतरलंय."

हशा पिकला. दुपारपासूनचा पहिला.

"तो तुमचा वरिष्ठ अधिकारी, आम्ही अकरा वर्षं शोधतोय हो त्याला. सापडेचना! शेवटी लक्षात आलं, तो तुमच्या डोक्यात राहतो. भाडंबिडं देतो की तसाच?"

आता तर लोक मोकळेपणानं हसले. पावत्यांवालाही मान वर करून हसला. बाईंची कानशिलं तापली. चौतीस वर्षं आपण खरं लिहिलं आणि हा गडी, ज्यानं रोज सकाळी उठून खोटं बोलण्याचा पगार घेतला, तो चारचौघांत आपल्याला खोटं पाडतो? आणि ही माणसं हसतात?

बाई नव्या पोरांना बातमीदारी शिकवायच्या तेव्हा एकच गोष्ट घोकून घ्यायच्या. खोटं बोलणारा ढोबळ बोलतो, खरं बोलणाऱ्याला शर्टाचं तुटलेलं बटण आठवतं. लोकांना पटवायचंय? तपशील द्या. एक बारीकसा तपशील द्या, दहा पुरावे बाजूला राहतात. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं त्या क्षणी नेमकं स्वतःला आठवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"रचायचंच असतं ना साहेब," बाई म्हणाल्या, "तर मी काळ्या काचांची गाडी रचली असती, तळघर रचलं असतं. माझे कागद यायचे साध्या टपालानं. आणि पाकिटं कसली? वापरलेली! जुनं पाकीट कडांनी अलगद सोडवायचं, उलटं करायचं आणि घरची खळ लावून पुन्हा चिकटवायचं. मी हात आत घालायची तर आतल्या बाजूला तुमच्याच खात्याचा पत्ता आणि तुमच्याच खात्याचा शिक्का! सरकारचं गुपित सरकारच्याच पाकिटातून. असला चिकट माणूस मला रचता आला असता, तर मी बातम्या कशाला लिहीत बसले असते? नाटकं नसती का लिहिली?"

सभागृह कोसळलं हो हसून. टाळ्या पडल्या. मागच्या दारातून माणसं डोकावली आणि आत येऊन बसली. कवी एवढा हसला की त्याचा चष्मा घसरला. प्रवक्ताही हसला आणि हात जोडून खाली बसला. महोत्सवाचा कॅमेरा तिथंच उभा होता, लोकांचे मोबाईलही वर झाले होते. बाईंना बरं वाटलं. का वाटू नये? दोन वर्षांत कुणी त्यांच्यासाठी टाळी वाजवली नव्हती. कार्यक्रम संपेपर्यंत नव्वद माणसं झाली होती, आणि बाईंनी तीही मोजली.

सह्या घ्यायला रांग लागली, चक्क रांग. पहिली होती एक पन्नाशीची बाई, गळ्यात कपडे मापायची टेप तशीच राहिलेली. शिवणकामाचं दुकान होतं तिचं.

"ताई, माझी मुलगी त्या पुलावर होती," ती म्हणाली. "चौदा वर्षांची होती. वाचली."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"वाचली खरी, पण लोकांनी जगू दिलं नाही. हिच्या उड्यांनी पूल पडला म्हणायचे. शेजारणीचा मुलगा गेला होता ना त्यात, ती तर दारात येऊन बोलायची. मुलीनं शाळा सोडली. दहा वर्षं ताई, दहा वर्षं घरातून बाहेर पडली नाही. मग तुमचं पुस्तक आलं. पान एकसष्ट. निम्मं लोखंड घातलंच नव्हतं, ते पान. रोज वाचायची. मोठ्यानं वाचायची. आता दुकानात येऊन बसते. गिऱ्हाइकांशी बोलते. परवा हसली." शिवणवालीनं पुस्तक पुढं केलं. "तिच्यासाठी सही द्या."

बाईंनी सही केली. याचसाठी तर केला होता सगळा अट्टहास, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. आयुष्यात इतका आनंद त्यांना फार थोड्या वेळा झाला असेल.

तो आनंद टिकला म्हणायचा तर मिनिटभर. रांगेत पुढची होती एक गोल चेहऱ्याची, हसरी, चाळिशीची नोकरदार बाई. तिनं पुस्तक ठेवलं आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "मी त्याच खात्यात आहे, लेखा शाखेत. घाबरू नका हं, मी तुमच्या बाजूची! काय हसले मी त्या पाकिटांवर! आमच्याकडे एक काका आहेत ना, आवक-जावकला, अगदी तस्सेच! रजेचा अर्जसुद्धा उलटवलेल्या पाकिटात घालून देतात. बावीस वर्षं आम्ही त्यांची थट्टा करतोय."

बाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"असतील," बाई कशाबशा म्हणाल्या. "खूप लोक करतात तसं. काटकसरी माणसं..."

"छे हो! आख्ख्या इमारतीत ते एकटेच. म्हणून तर एवढं हसू आलं. मी व्हिडिओ केला आणि टाकलासुद्धा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर! 'काका, पकडले गेलात,' असं लिहून." तिनं मोबाईल पुढं धरला. "हे बघा, सगळे कसे हसतायत. साहेबांनी पण बघितलाय."

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बिचारीला एका गमतीशी दुसरी गंमत जुळलेली दिसली, बस्स. बाईंना तिच्यावर ओरडताही येईना. ओरडल्या असत्या तर ती गंमत राहिली नसती.

रांग तशीच सोडून बाई आयोजकांकडे धावल्या. आयोजक खुशीत होते. "तुमचाच तुकडा सगळ्यात जास्त बघतायत लोक!" ते म्हणाले. काढून टाका म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते काम बघणारे उद्या येतील, अर्ज द्या, बघू. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी बस पकडली.

आवकरावाच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या. अकरा वर्षांत दोनदा भेट, तीही दोन्ही वेळा सरकारी दवाखान्याच्या बाकावर. पत्ता मात्र पाठ होता. दुसरा मजला, जिन्यालगतचं दार. दार त्याच्या बायकोनं उघडलं. उंच, हडकुळी, डोळे लाल.

"या," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत होतो."

खोलीत एक जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात कपाट. आवकराव टेबलाशी बसला होता, सुट्टीच्या दिवशीही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. समोर मोबाईल. बाईंनी बसायच्या आधीच हात जोडले.

"माझं चुकलं हो. मला माफ करा. मी नाव घेतलं नाही, पण..."

"साहेबांचा फोन आला होता," आवकराव म्हणाला. "उद्या दहाला बोलावलंय. रजेच्या अर्जांची जुनी पाकिटं फायलीतून काढून ठेवायला सांगितली आहेत."

"ती पाकिटं मी करते," बायको म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"बघताय काय? हे रोज जुनी पाकिटं आणतात, दुपारी मी बसून सोडवते, उलटवते, चिकटवते. ऑफिसला लागतात म्हणायचे. मला वाटायचं, किती प्रामाणिक माणूस, सरकारचा कागद वाया जाऊ देत नाही! आणि ती खळ हो, माझ्या स्वयंपाकघरात शिजवलेली! आज भाच्यानं फोन करून सांगितलं, मामी, व्हिडिओ पाठवलाय, बघ काय गमतीशीर आहे तो. मी बघायला बसले. हसत हसत बघत होते मी, आणि पाकिटांपाशी येऊन थिजले. अकरा वर्षं मी तुमचं टपाल चिकटवलंय."

"वहिनी, मी..."

"माझ्या घरात एवढं मोठं चाललं होतं आणि मला पत्ता नाही. यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. तुमच्यावर होता!" तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "बघा आता कुणी सांभाळला."

आवकरावानं समोरचा मोबाईल उपडा ठेवला. बाईंना वाटलं, या माणसानं एकदा तरी आपल्याला शिवी द्यावी. पण तो शिवी देणाऱ्यातला नव्हताच.

"उद्या ते मलाही विचारतील," बायको हळू आवाजात म्हणाली. तिचा राग आता संपत आला होता आणि खाली भीती दिसायला लागली होती. "मी काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. मी रडेन आणि सगळं सांगून टाकेन, मला माहीत आहे. मलाही आत घालतील का हो?"

"नाही," आवकराव म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? पूल पाडणारे वाचतील आणि कागद देणारा मरेल, हे तरी तुम्हाला माहीत होतं का?" ती बाईंकडे वळली. "ताई, एक करा. तुम्ही म्हणा, ते पाकिटाचं मी रचलं. लोकांना हसवायला. तुम्ही म्हणालात की विषय संपला. तुमचं काय जातंय?"

काय जात होतं, ते बाईंनाच ठाऊक. पण पाकीट तर पाकीट. तेवढ्यानं भागत असेल तर हसं होईल, होऊ दे. बाईंनी पर्समधून वही काढली आणि लिहिलं: 'आजच्या कार्यक्रमात सांगितलेला पाकिटांचा प्रसंग काल्पनिक असून तो मी विनोदासाठी रचला होता.' वाचून दाखवलं.

आवकरावानं वही हातात घेतली. चष्मा लावला. तीस वर्षं कागद वाचलेला माणूस तो, एका ओळीत कुठं भोक आहे ते त्याला दिसायचं.

"एवढ्यानं होणार नाही," तो म्हणाला. "पाकीट खोटं म्हणालात, तर ते विचारतील, मग कागद कसे आले? प्रश्न उघडा राहतो. उघडा राहिला की तपास माझ्या टेबलाशी येतो. आता त्यांना टेबल सापडलंय."

"मग?" बाईंनी विचारलं.

त्यानं वही पुन्हा बाईंसमोर सरकवली. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कागदाचंही लिहावं लागेल," तो म्हणाला. आवाज अगदी ऑफिसातला, सपाट. "'पुस्तकात छापलेला पहिला अहवाल खरा नाही. तो मला कुणीही दिला नाही.' असं. मग तपासायला काही उरत नाही. फाईल बंद होते."

"तो खरा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः नोंदवलाय."

"मला सांगताय?" आणि मग एकदम त्याचा बांध फुटला. त्यानं चष्मा काढून टेबलावर आपटला. "सत्तावीस माणसं आहेत त्यात! मी मोजली नाहीत का? आयुष्यात एक काम केलं मी, एक! बाकी सगळा जन्म शिक्के मारले. माझं मी सोसलं असतं, बाई. एकटा असतो तर उद्या दहाला जाऊन सांगितलं असतं, हो, मीच. पण ही काल हसत हसत खळ शिजवत होती. हिला काय म्हणून नेऊ मी?"

बायको तोंडावर हात दाबून रडायला लागली. "नका लिहू," ती रडता रडता म्हणाली, आणि लगेच, "लिहा. लिहा ताई. मी पाया पडते."

बाईंना तिथंच मरण आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना पान एकसष्ट आठवलं. गळ्यात टेप अडकवलेली ती शिवणवाली आठवली. तिच्या मुलीचं हसणं तर त्यांनी पाहिलंही नव्हतं. इकडं हे दोघं, समोर बसलेले, जिवंत, घाबरलेले, आणि यांना इथं आणून बसवलं कुणी? प्रवक्त्यानं? छे. त्यानं फक्त चिमटा काढला होता. टाळी बाईंनी घेतली होती.

त्यांनी लिहिलं. आवकरावानं सांगितलं तसंच, शब्दन् शब्द. एका जागी त्यानं थांबवून वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि आणखी एक पळवाट बुजवली. इतकं चोख लिहून घेतलं त्यानं, की स्वतःच्याच आयुष्यातलं ते एक काम पुसताना त्याची जीभ कुठं अडखळली नाही. मग बाईंनी तो मजकूर मोबाईलवरून वृत्तसंस्थेला पाठवला, प्रकाशकाला पाठवला. बाहेर अजून उजेड होता. बायकोनं चहा केला. कुणी प्यायला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. सोमवारी सकाळी प्रवक्ता टीव्हीवर आला. "आम्ही अकरा वर्षं हेच सांगत होतो," तो म्हणाला, आणि बाईंच्या वयाचा विचार करून त्यांना माफ करावं असंही म्हणाला. प्रकाशकानं दुकानांतून पुस्तक परत मागवलं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, मग यायचे थांबले. ज्या पोरांना तपशील शिकवला त्यांतल्या एकानं लिहिलं, 'आम्ही तुम्हाला देव मानत होतो.' लेखा शाखेतल्या त्या हसऱ्या बाईचाही संदेश आला, रागाचा: 'तुमच्या थापेपायी आमच्या बिचाऱ्या काकांना साहेबांनी दोन तास उभं केलं. देवमाणूस आहे तो. लाज वाटली पाहिजे तुम्हाला.' एवढाच काय तो दिलासा. आवकराव सुटला होता. बाईंनी तो संदेश चार वेळा वाचला.

मंगळवारी दुपारी दाराची बेल वाजली. शिवणवाली होती. महोत्सवातून पत्ता मिळवून आली होती. तीन मजले चढून तिला धाप लागली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मुलगी खाली उभी आहे," ती म्हणाली. "वर येत नाही म्हणाली. एकच विचारून ये म्हणाली. पाकिटाचं खोटं असेल ताई, बाकीचंही असेल, तुम्हा लिहिणाऱ्यांचं आम्हाला काय कळतं. पण ते लोखंडाचं? ते तरी खरं आहे ना?"

बाई दारातच उभ्या राहिल्या. 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण ही खाली जाऊन मुलीला सांगणार. मुलगी शेजारणीला सांगणार, दारात येऊन बोलणाऱ्या त्या शेजारणीला. का सांगू नये तिनं? गल्लीला सांगणार, ताईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणून. आणि मग कुणीतरी पुन्हा विचारणार, ताईंना कागद दिला कुणी?

"नाही," बाई म्हणाल्या. "तेही मी रचलं."

शिवणवालीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक काहीतरी भलतंच बोललं की बघतात तसं, नीट ऐकू आलं ना याची खात्री करत.

"म्हणजे पूल मग कशानं पडला?"

"सरकारी अहवालात आहे तसाच," बाई म्हणाल्या.

"उड्यांनी."

बाईंनी मान हलवली.

"बरं," शिवणवाली म्हणाली. तिनं जिन्याच्या कठड्याला धरलं, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "तिला मी काही सांगणार नाही लगेच. ताई घरी नव्हत्या म्हणते. पण ती उद्या परत येईल हो, विचारायला. उद्या तुम्ही दार उघडू नका."